पोकरमध्ये हरणे इतके का झोंबते? डाव, दैव आणि हार पचवू पाहणारे लेखक

पोकरमध्ये सुरुवातीला हाती येऊ शकणारी सर्वांत भारी जोडी म्हणजे दोन एक्के. सरासरी २२१ वेळा पाने वाटली की एकदा ती येते. समोरच्याकडे दोन राजे आले आणि पुढची पाने उघडण्याआधीच दोघांनी सगळे पैसे मध्ये लोटले, तर एक्केवाला शंभरातून सुमारे ८२ वेळा जिंकतो. उरलेल्या १८ वेळा हरतो. त्याने काहीही चुकीचे केलेले नसते, तरी हरतो. त्या रात्री घरी जाताना त्याच्या डोक्यात ८२ हा आकडा नसतो, समोर उघडलेला तिसरा राजा असतो.

पोकर खेळणाऱ्याची खरी परीक्षा इथेच होते. नियम तासाभरात शिकून होतात. हिशेबही थोड्या सरावाने जमतो. हरणे पचवायला मात्र वर्षे लागतात आणि अनेकांना ते कधीच जमत नाही. या खेळाने लेखकांना वेड लावले त्याचे एक कारण हेच असावे: घासून घासून बरोबर केलेली गोष्टही फसू शकते, हा अनुभव त्यांना नवा नसतो.

पोकर नेमका कसा खेळतात?

मराठी घरांत पत्ते म्हणजे रमी, मेंढीकोट, बदाम सात, पाच-तीन-दोन. आणि दिवाळीत किंवा लग्नघरात रात्री उशिरा, मोठी माणसे झोपल्यावर, तीन पत्ती. ज्याला तीन पत्ती येते त्याला पोकर निम्मा समजलेलाच असतो. दोन्हींत पाने लपवायची, पैसे वाढवत न्यायचे, हूल द्यायची आणि समोरची हूल ओळखायची.

आज सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. यात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. मग मध्ये सर्वांसाठी पाच पाने उघडली जातात: आधी एकदम तीन, मग एक, मग शेवटचे एक. स्वतःची दोन आणि मधली पाच, अशा सातांतून ज्याची पाच पाने सर्वांत भारी, त्याचा डाव. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे, वाढवायचे किंवा पाने टाकून बाहेर पडायचे. बहुतेक डाव पाने न दाखवताच संपतात, कारण बाकीचे आधीच पाने टाकतात.

तीन पत्तीची सवय असलेला माणूस एका जागी हमखास अडखळतो. तीन पत्तीत सिक्वेन्स रंगापेक्षा भारी, पोकरमध्ये रंग सिक्वेन्सपेक्षा भारी. यात लहर नाही, मोजणी आहे. तीन पानांत एका रंगाची पाने जुळून येणे सोपे आणि सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पानांत हे उलटे होते. ५२ पानांतून पाच पानांचे २५,९८,९६० संच निघतात. त्यांत साध्या सिक्वेन्सचे १०,२०० आणि साध्या रंगाचे ५,१०८. जे दुर्मीळ ते भारी, एवढाच नियम.

दोन्ही खेळांतला मोठा फरक माहितीचा आहे. तीन पत्तीत समोरच्याची तिन्ही पाने झाकलेली असतात, म्हणून चेहरा, बोली आणि नशीब यांवरच भिस्त. होल्डेममध्ये सातांतली पाच पाने सर्वांसमोर पडलेली असतात. त्यामुळे शक्यता मोजता येतात आणि कोण कशावर पैसे लावत असेल याचा अंदाज बांधता येतो. कौशल्याला वाव मिळतो तो या उघड्या पानांमुळे. आणि कौशल्याला वाव असल्यामुळेच हार जास्त झोंबते. लॉटरीचे तिकीट लागले नाही तर कोणी स्वतःला मूर्ख म्हणत नाही.

चांगला खेळाडू किती हरतो?

बराच हरतो. समजा, एखादा खेळाडू प्रतिस्पर्ध्यापेक्षा इतका सरस आहे की सारख्या रकमेच्या प्रत्येक पैजेत त्याची जिंकण्याची शक्यता ६० टक्के आहे. ही आघाडी मोठी आहे. प्रत्यक्षात एवढी क्वचितच मिळते. तरी अशा दहा पैजा लावल्या तर दहापैकी चार किंवा त्याहून कमी जिंकण्याची शक्यता सुमारे १७ टक्के निघते. म्हणजे साधारण सहा रात्रींतून एक रात्र तो सरस असूनही खिसा हलका करून उठेल. शंभर पैजा झाल्या की तोट्यात असण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आत येते. कौशल्य दिसते, पण उशिरा. एका संध्याकाळीत दिसते ते मुख्यतः दैव.

हा चढउतार दोन्हीकडे फसवतो. कच्चा खेळाडू पहिल्या चार रात्री जिंकतो आणि आपल्यात काहीतरी खास आहे असे समजू लागतो. पक्का खेळाडू महिनाभर हरतो आणि चांगली चाललेली पद्धत सोडून देतो. स्पर्धांत तर हे आणखी तीव्र असते. बक्षिसे साधारण वरच्या दहा ते पंधरा टक्के खेळाडूंनाच मिळतात, त्यामुळे जगातले नामांकित खेळाडूही बहुतेक स्पर्धांतून रिकाम्या हाताने उठतात. शिवाय जिथे पैसे घेऊन डाव चालवला जातो तिथे चालवणारा प्रत्येक डावातून आपला कट काढतो. हजार रुपयांच्या डावातून पन्नास गेले तर ते कोणाच्या लक्षात राहत नाही, पण रात्रभरात असे शंभर डाव होतात. टेबलावरचे सगळे सारख्याच तयारीचे असतील तर सकाळी सगळे मिळून तोट्यात असतात.

पोकरमधून विचारपद्धतीकडे वळलेल्या अॅनी ड्यूक यांनी आपल्या २०१८ च्या पुस्तकात खेळाडूंच्या बोलीतला एक शब्द सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेला: ‘रिझल्टिंग’. निकाल चांगला लागला म्हणजे निर्णय चांगला होता, वाईट लागला म्हणजे निर्णय वाईट होता, असे उलटे अनुमान काढणे. सिग्नल तोडून सुखरूप पलीकडे गेलेला माणूस चांगला चालक ठरत नाही, हे सगळ्यांना पटते. स्वतःच्या पैशांच्या बाबतीत मात्र पटत नाही.

डोके फिरते तेव्हा: टिल्ट

खेळाडूंचा आणखी एक शब्द म्हणजे ‘टिल्ट’. तो पिनबॉलच्या यंत्रावरून आला. चेंडू मनासारखा जावा म्हणून यंत्र जोरात हलवले की ते ‘टिल्ट’ असे दाखवून बंद पडायचे. पोकरमध्ये टिल्ट म्हणजे हार डोक्यात जाऊन माणूस आपल्याच हिशेबाविरुद्ध खेळू लागतो ती अवस्था. मराठीत ‘पिसाळणे’ म्हणता येईल, पण टिल्ट नेहमी एवढा उघड नसतो. कोणी रागाने प्रत्येक डावात उडी घेतो. कोणी उलट इतका धास्तावतो की चांगली पानेही टाकून देतो. तोही टिल्टच.

सर्वांत घातक प्रकार म्हणजे गेलेले पैसे ‘वसूल’ करण्यासाठी खेळणे. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ च्या गाजलेल्या निबंधात त्याची मुळे दाखवली. माणसाला तोटा तेवढ्याच नफ्यापेक्षा जास्त बोचतो. पुढे १९९२ मध्ये त्यांनी हे प्रमाण सव्वादोन पटीच्या आसपास मांडले. ज्याने आपला तोटा मनाने स्वीकारलेला नाही, तो एरवी कधीही न पत्करलेला धोका पत्करतो, हेही त्यांनी नोंदवले. सकाळी दोन हजारांची पैज वेडेपणा वाटणारा माणूस रात्री दहा हजार गमावल्यावर तीच पैज ‘निदान बरोबरीत येऊ’ म्हणून लावतो. पानांची शक्यता तीच असते. बदललेली असते ती त्याची शून्याची रेषा.

याला जोडून येतो तो जुना गैरसमज: इतका वेळ हरलो, आता तरी येईलच. १८ ऑगस्ट १९१३ रोजी मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटवर सलग २६ वेळा काळा आला. मधल्या काळात लोक लालवर पैसे ओतत राहिले, कारण ‘आता लाल येणारच’. चाकाला आधीचे काही आठवत नाही. नीट पिसलेल्या पत्त्यांनाही नाही.

लिहिणारे लोक या टेबलाशी कसे आले?

ब्रिटिश कवी आणि समीक्षक अल अल्वारेझ (१९२९–२०१९) यांचे नाव साहित्यात सिल्व्हिया प्लाथच्या संदर्भात आणि आत्महत्येवरच्या ‘द सॅव्हेज गॉड’ या पुस्तकामुळे घेतले जाते. पोकरवाल्यांना ते ‘द बिगेस्ट गेम इन टाउन’चे लेखक म्हणून ठाऊक आहेत. १९८१ ची लास वेगासमधली जागतिक स्पर्धा पाहून लिहिलेले हे पुस्तक १९८३ मध्ये आले. त्यातले एक निरीक्षण आजही खरे आहे: पैशाची प्लॅस्टिकची चिप झाली की तो पैसा राहत नाही, ते खेळाचे साहित्य होते, आणि मोठे खेळाडू पैशाविषयी असे बेफिकीर असतात म्हणूनच मोठे होतात. अल्वारेझ स्वतः लंडनमध्ये दर मंगळवारी मित्रांबरोबर खेळत. त्याच कंपूतले पत्रकार अँथनी होल्डन यांनी वर्षभर व्यावसायिक खेळाडू होऊन पाहिले आणि त्यावर १९९० मध्ये ‘बिग डील’ लिहिले.

जेम्स मॅकमॅनस यांची गोष्ट सिनेमात घातली तर खोटी वाटेल. २००० मध्ये ‘हार्पर्स’ मासिकाने त्यांना जागतिक स्पर्धेवर लेख लिहायला लास वेगासला पाठवले. त्यांनी लेखाचे आगाऊ मिळालेले पैसे पात्रता फेरीत लावले, मुख्य स्पर्धेत शिरले आणि पाचवे आले. २,४७,७६० डॉलर मिळाले. या गोष्टीचा धोका असा की ती वाचून दहा जणांना आपलेही असे होईल असे वाटते. पुढे पुलित्झर मिळवणारे कादंबरीकार कोल्सन व्हाइटहेड २०११ मध्ये एका संकेतस्थळाच्या दहा हजार डॉलरवर त्याच स्पर्धेत उतरले आणि हात हलवत परतले. त्यांचे ‘द नोबल हसल’ वाचताना हरणाऱ्याची बाजू जास्त विनोदी आणि जास्त खरी वाटते.

मराठीत पोकरवेडा लेखक शोधून सापडणे कठीण, पण पत्त्यांचा शौक दुर्मीळ नाही. धारवाडला इंग्रजी शिकवणारे, लोकांत फारसे न मिसळणारे जी. ए. कुलकर्णी संध्याकाळी क्लबात पत्ते खेळायला जात. नियती हा ज्यांच्या कथांचा कणा, त्यांना पत्त्यांचे आकर्षण असावे यात आश्चर्य नाही. मात्र पोकर खेळणारा आणि जीएंचा वाचक यांची वाट इथे फुटते. जीएंच्या जगात नियतीशी हिशेब होत नाही. पोकरमध्ये तिचा निदान टक्का काढता येतो.

मारिया कॉनिकोवा काय शिकल्या?

हार पचवण्याविषयी सर्वांत तपशीलवार लिहिले ते मारिया कॉनिकोवा यांनी. त्या ‘न्यूयॉर्कर’च्या लेखिका आणि कोलंबिया विद्यापीठाच्या मानसशास्त्रातल्या पीएच.डी. घरात एकापाठोपाठ एक अडचणी आल्या: स्वतःचे आजारपण, आजीचा मृत्यू, आई आणि नवरा दोघांच्या नोकऱ्या गेल्या. आपल्या हातात किती आणि दैवाच्या हातात किती, हा प्रश्न त्यांना पडला. तेव्हा जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाचे खेळांच्या सिद्धान्तावरचे लेखन त्यांच्या वाचनात आले. त्या सिद्धान्ताची प्रेरणा पोकर होती. पत्त्यांच्या जोडात किती पाने असतात हेही माहीत नसताना त्या एरिक सायडेल या दिग्गज खेळाडूकडे शिकायला गेल्या.

सायडेल यांची एक सवय त्यांनी नोंदवली आहे. शिष्या ‘माझे एक्के होते आणि तरीही...’ असे सुरू करायची की ते थांबवायचे. डाव कसा खेळावा याबद्दल काही प्रश्न असेल तर विचार; डाव कसा संपला ते सांगू नकोस. ऐकायला हे कोरडे वाटते. पण हरल्याची कहाणी सांगणाऱ्याला सहानुभूती हवी असते आणि ती मिळाली की ‘माझे काही चुकले नाही, नशीबच खोटे’ एवढाच धडा पक्का होतो. निकाल बाजूला काढला की उरते ते पाहता येते: त्या क्षणी काय माहीत होते आणि त्यावर काय ठरवले. कधी कधी त्यातून अप्रिय गोष्ट निघते, की जिंकलेला डावच वाईट खेळला होता.

पुढे जॅरेड टेंडलर या मानसिक तयारीच्या प्रशिक्षकाबरोबर त्यांनी आपल्या टिल्टचा नकाशा काढला: कोणत्या प्रसंगी, कोणत्या माणसासमोर, कोणत्या बोलण्याने आपला तोल जातो. टेबलावर बहुतेक पुरुष असत. कोणी ‘बाळा, तुला जमेल का’ अशा सुरात बोलला की त्या रागावत नसत, उलट माघार घेऊन चांगली पाने टाकून देत. सभ्यपणाची जन्मभराची सवय पैशाच्या रूपाने बाहेर जात होती. जानेवारी २०१८ मध्ये बहामाजमधली एक स्पर्धा त्यांनी जिंकली, ८४,६०० डॉलर मिळाले, आणि लिहायचे पुस्तक लांबले. ‘द बिगेस्ट ब्लफ’ २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

नल, बेहडा आणि हरलेला युधिष्ठिर

हरलेल्या जुगाऱ्याचे काय करायचे, हा प्रश्न मात्र अमेरिकेत जन्मलेला नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ३४ वे सूक्त जुगाऱ्याचे आहे. त्या काळचे फासे बेहड्याच्या फळांचे. त्रिफळ्यातला तोच बेहडा. सूक्तातला माणूस आता खेळणार नाही असे ठरवतो, मित्र निघाले आणि फाशांचा आवाज आला की पुन्हा तिकडे वळतो. सासू त्याचा तिरस्कार करते, कोणी उसने देत नाही. शेवटी त्याला जुगार सोडून शेती कर असे सांगितले जाते. टिल्टचे इतके जुने आणि इतके नेमके वर्णन दुसरे क्वचितच असेल.

महाभारताची दिशा वेगळी आहे. राज्य, भाऊ, स्वतः आणि द्रौपदी पणाला लावून हरलेला युधिष्ठिर वनात बृहदश्व ऋषींना विचारतो, माझ्याइतका दुःखी कोणी आहे का? ऋषी त्याला नलाची कथा सांगतात. निषध देशाचा राजा नल भावाबरोबर, पुष्कराबरोबर, फासे खेळून सर्वस्व हरतो. त्याची राणी दमयंती विदर्भाची. अमरावती जिल्ह्यातल्या कौंडिण्यपूरला लोक तिच्या वडिलांची राजधानी मानतात. मराठीत ही कथा रघुनाथ पंडितांच्या नलदमयंती आख्यानामुळे घरोघर पोहोचली.

वेष पालटलेला नल ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन विदर्भाकडे रथ हाकत असतो. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याच्या फांद्यांवर किती पाने आणि फळे आहेत ते सांगतो. नल रथ थांबवून मोजतो. आकडा बरोबर निघतो. मग दोघांत विद्यांची अदलाबदल होते: नल घोड्यांची विद्या देतो आणि ऋतुपर्ण ‘अक्षहृदय’ देतो, म्हणजे फाशांचे मर्म आणि मोजण्याची विद्या. ती मिळताच नलाच्या अंगातला कली बाहेर पडून त्याच बेहड्यात शिरतो. तत्त्वज्ञ इयन हॅकिंग यांनी संभाव्यताशास्त्राच्या इतिहासावरच्या आपल्या पुस्तकात या प्रसंगाची दखल घेतली आहे, कारण फासे आणि नमुन्यावरून केलेला अंदाज यांचे नाते इथे आधुनिक गणिताच्या कितीतरी आधी दिसते.

कथा संपवून बृहदश्व तीच विद्या युधिष्ठिराला शिकवतात. हरलेल्याला उपदेश कमी आणि हिशेब जास्त, असा हा उपचार. पण याच कथेत विषही आहे. नल पुन्हा खेळतो आणि एका डावात सगळे परत मिळवतो. वसुलीच्या मागे लागलेल्या प्रत्येकाला आपण नलच आहोत असे वाटते. अक्षहृदय शिकायचे मात्र राहून गेलेले असते.

खेळणारे हार कशी आटोक्यात ठेवतात?

अनुभवी खेळाडूंच्या युक्त्या जवळजवळ सगळ्या टेबलावर बसण्याआधीच्या आहेत, कारण बसल्यावर डोके भरवशाचे राहत नाही. पहिली गोष्ट, पोकरची पुंजी घरखर्चापासून वेगळी. त्या पुंजीचा विसावा-तिसावा भाग, त्याहून जास्त नाही, एका वेळी टेबलावर. स्पर्धांसाठी अनेक जण शंभर प्रवेशशुल्कांएवढी पुंजी धरून चालतात. हे पैसे कमावण्याच्या हेतूने खेळणाऱ्यांचे गणित झाले. हौशी माणसासाठी सोपा विचार असा की नाटकाच्या तिकिटासारखी ती रक्कम गेलीच असे समजावे. परत आली तर बरे.

दुसरी, किती हरल्यावर उठायचे ते आधी ठरवून कोणाला तरी सांगून ठेवणे. तिसरी, वही. तारीख, किती तास, किती आले-गेले. माणसाची स्मरणशक्ती जिंकलेल्या रात्री मोठ्या करून ठेवते. वही करत नाही. आपण वर्षभरात ‘जवळपास बरोबरीत’ आहोत असे सांगणाऱ्या कितीतरी जणांकडे वही नसते, हा योगायोग नाही. दारू, जागरण आणि नुकतेच झालेले भांडण यांपैकी काहीही सोबत असेल तर बसू नये, हे सगळेच सांगतात आणि फार थोडे पाळतात.

टेमघरमध्ये एक कायदा, मांडवीत दुसरा

भिवंडीतल्या टेमघरला (मुळशीतले धरणाचे टेमघर वेगळे) चार मित्रांनी घरी बसून बिनपैशांचा पोकर खेळला तर कोणाचे काही म्हणणे नाही. पण एखाद्या गाळ्यात टेबल मांडून, प्रत्येक डावातून कट काढून पैशांचा खेळ चालवला तर गोष्ट बदलते. महाराष्ट्रात अजूनही १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे आणि मालकाच्या फायद्यासाठी चालवलेली अशी जागा त्यात जुगारघर ठरते. त्याच कायद्याचे १३ वे कलम निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळते. मग पोकर कौशल्याचा की नशिबाचा?

सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवले. पाने लक्षात ठेवावी लागतात, काय टाकायचे ते ठरवावे लागते. त्याच निकालात तीन पत्तीच्या जातीचे खेळ मात्र नशिबाचे म्हणून वेगळे काढले. पोकरबाबत उच्च न्यायालयांत एकवाक्यता नाही. कर्नाटकात २०१३ मध्ये निकाल पोकरवाल्यांच्या बाजूने गेला, गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकर हा जुगार ठरवला. महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अंमलात आलाच नाही, आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला.

गोव्यातही १९७६ चाच जुगार कायदा आहे, पण १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना आणि पुढे १९९६ मध्ये जहाजांवरच्या कॅसिनोंना वाट मिळाली. म्हणून जो डाव टेमघरमध्ये पोलिसांना दारात आणू शकतो, तो पणजीसमोर मांडवीत नांगरलेल्या जहाजावर परवान्याने चालतो. खुद्द गोमंतकीयांना फेब्रुवारी २०२० पासून तिथे खेळायला बंदी आहे. ही बंदी कॅसिनोंविषयी बरेच काही सांगून जाते.

मोबाईलवरचा मार्ग ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झाला. संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे सर्व ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, एकाच माळेत ओवले. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. सरकारने तेव्हा लोकांचे वर्षाला सुमारे २०,००० कोटी रुपये बुडत असल्याचा अंदाज दिला होता.

करातही हरणाऱ्याला दया नाही. पत्त्यांच्या पैजेत जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर, वर उपकर. आणि टेबलावर हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. वर्षभरात दोन लाख जिंकून तीन लाख हरलेला माणूस एक लाखाच्या तोट्यात असतो, आणि कायद्याने दोन लाखांवर कर देणे लागतो.

छंद आजार कधी होतो?

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेने जुगाराच्या विकाराला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी बसवले. नऊ खुणा दिल्या आहेत. वर्षभरात त्यांतल्या चार दिसल्या तर निदान होते. गेलेले पैसे परत मिळवायला दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणे, खेळाबद्दल खोटे बोलणे, थांबण्याचे प्रयत्न फसणे, रक्कम वाढवल्याशिवाय मजा न येणे, आणि बुडालेल्या व्यवहारातून बाहेर काढायला इतरांकडे पैसे मागणे, या त्यांतल्या काही. इथे वर सांगितलेल्या वह्या आणि मर्यादा उपयोगी पडत नाहीत. टिल्ट हा एका रात्रीचा तोल आहे. हा विकार उपचाराचा विषय आहे, आणि अंगावर कर्ज असताना त्यात आत्महत्येचा धोका खरा असतो. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. घरच्यांनीही फोन केला तरी चालतो.

कर्ज फेडून टाकले की माणूस सुधारेल, असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक आहे. फ्योदोर दोस्तोयेव्हस्की यांच्या घरी हे पुनःपुन्हा करून झाले. ते रुलेट खेळत. प्रकाशकाच्या मुदतीत सापडून त्यांनी १८६६ मध्ये ‘जुगारी’ ही कादंबरी २६ दिवसांत लघुलेखिकेला सांगून लिहून घेतली. ती लघुलेखिका, अॅना, पुढच्याच वर्षी त्यांची पत्नी झाली, आणि नंतर जर्मनीत तिचे दागिने, कपडे गहाण पडत राहिले. एप्रिल १८७१ मध्ये ते वीसबाडेनला गेले, नेलेले सगळे हरले, परतीच्या प्रवासासाठी पैसे पाठव असे पत्नीला कळवले. आता संपले, असे त्यांनी आधीही अनेकदा लिहिले होते. या वेळी मात्र ते खरे ठरले. मृत्यूपर्यंत, म्हणजे १८८१ पर्यंत, ते पुन्हा खेळले नाहीत. १८७२ च्या अखेरीस जर्मनीतली जुगारघरेच कायद्याने बंद झाली.